न शिकवलेल्या विषयाची परीक्षा

डिझाइनच्या शिक्षणात पहिल्या वर्षी पर्स्पेक्टिव्ह शिकवताना शिक्षक विद्यार्थ्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहतो. रेघ कुठे चुकली ते दाखवतो, पेन्सिल हातात घेऊन स्वतः काढून दाखवतो, पुन्हा काढायला लावतो. वर्कशॉपमध्ये लेथला हात लावण्याआधी सैल बाह्यांपासून चष्म्यापर्यंत सगळं समजावून सांगितलं जातं. अक्षरांमधलं अंतर डोळ्यांना कळू लागावं म्हणून आठवडेच्या आठवडे तोच सराव चालतो. आणि मग दुसऱ्या वर्षी एका सकाळी सांगितलं जातं: चार-चार जणांचे गट करा, हे ब्रीफ (काय घडवायचं याचं टिपण), सहा आठवड्यांनी ज्युरी (परीक्षकांसमोर सादरीकरण). चार माणसांनी मिळून एक वस्तू कशी घडवायची, याबद्दल तोवर एक तासही शिकवलेलं नसतं. गुणपत्रिकेत मात्र ‘टीमवर्क’ नावाचा रकाना असतो आणि सहा आठवड्यांनी त्यात आकडा भरला जातो.

जे शिकवलं नाही आणि जे घडताना आपण पाहिलं नाही, त्याला गुण देण्याचा शिक्षकाला अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यार्थ्यांनाच एकमेकांना गुण द्यायला लावण्याची पद्धत आता रूढ होते आहे. ती तर मला अधिकच घातक वाटते. संघात काम करणं हे चित्र काढण्यासारखंच कसब आहे. ते स्टुडिओत, शिक्षकाच्या नजरेसमोर, चुका दाखवून आणि पुन्हा करायला लावून शिकवता येतं. तसं शिकवलं तरच त्याचं मूल्यमापन करण्यात अर्थ आहे.

मुळात गटात काम द्यायचंच कशाला? याची दोन कारणं आपण एकमेकांत मिसळून ठेवली आहेत. पहिलं खरं आणि मोलाचं आहे. रुग्णालयातलं उपकरण, रेल्वेस्थानकातल्या पाट्यांची व्यवस्था किंवा बँकेचं अ‍ॅप यांतलं काहीच एकट्याच्या हातून पुरं होत नाही. लुई बुचियारेली यांनी अभियंत्यांच्या गटांमध्ये राहून त्यांचं काम जवळून पाहिलं. एकाच वस्तूवर काम करणारी माणसं प्रत्यक्षात वेगवेगळी वस्तू पाहत असतात, असं त्यांनी मांडलं. एकाला त्यात भार दिसतो, दुसऱ्याला विद्युतप्रवाह, तिसऱ्याला ती बनवण्याचा खर्च. या निरनिराळ्या नजरांची एकमेकींशी गाठ घालून देणं हाच डिझाइनच्या कामाचा मोठा भाग असतो आणि तो विद्यार्थिदशेतच यायला हवा. दुसरं कारण सोयीचं आहे. साठ विद्यार्थ्यांची साठ सबमिशनं पाहण्यापेक्षा पंधरा पाहणं सोपं. त्यात मानांकनाची भर पडते. ‘अ‍ॅबेट’ या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी मानांकन संस्थेने २००० सालाच्या सुमारास लागू केलेल्या निकषांत, बहुविद्याशाखीय गटात काम करता येणं ही पदवीधराकडून अपेक्षित क्षमता म्हणून नोंदवली. अशा निकषांमुळे संस्थांना टीमवर्कचा पुरावा दाखवावा लागतो. पुरावा म्हणजे आकडा, असा सोपा अर्थ मग लावला जातो.

हा आकडा ज्यावर उभा असतो, ते काम कसं चालतं ते पाहा. पहिल्याच बैठकीत वाटणी होते. एक जण माहिती गोळा करणार, एक सॉफ्टवेअरवर मॉडेल करणार, एक वर्कशॉप सांभाळणार, एक प्रेझेंटेशन करणार. ज्याला जे आधीपासून येतं तेच त्याच्या वाट्याला येतं, कारण गुण सगळ्यांचे एकत्र आहेत आणि धोका कोणालाच पत्करायचा नसतो. सहा आठवड्यांनी प्रत्येक जण जे येत होतं तेच थोडं अधिक सफाईने करू लागलेला असतो. या वाटणीत मुलींकडे बैठकीच्या नोंदी, अहवाल आणि सजावट जाते आणि यंत्रांशी झटणं मुलांकडे राहतं, हेही अनेक वर्गांत दिसतं. तसं कोणी ठरवलेलं नसतं. पण ते होऊ नये, असंही कोणी ठरवलेलं नसतं.

ज्युरीत हे दोन मिनिटांत उघडं पडतं. भिंतीवर वृद्धांसाठीच्या घडीच्या वॉकरचे शीट लागले आहेत. एक जण बोलतो आहे, एक जण स्लाइड पुढे सरकवतो आहे. परीक्षक मॉडेल उचलतात, बिजागरीवर बोट ठेवतात आणि आतापर्यंत गप्प असलेल्या मुलीला विचारतात, “घडी आतल्या बाजूला का पडते? बाहेर का नाही?” ती शेजाऱ्याकडे बघते. म्हणते, “सर, बिजागरी त्याने केलीय, माझ्याकडे हँडल होतं.” परीक्षक वॉकर मिटवून दाखवतात. घडी आत पडताना हँडलवरची बोटं नळीच्या दोन टोकांत चिमटतात. म्हणजे हँडल करणारीने बिजागरी करणाऱ्याशी बोलायलाच हवं होतं. दोघांचंही काम स्वतंत्रपणे पाहिलं तर चांगलं आहे. वस्तू मात्र वापरण्याजोगी नाही. या गटात आळशी कोणीच नव्हतं, रात्रीचे दिवस करून चौघंही राबले होते. दोन भागांच्या मधल्या जागेची काळजी घेणं, हे कोणाचंच काम नव्हतं आणि ते काम असतं हेही त्यांना कोणी दाखवलं नव्हतं.

म्हणूनच ‘फुकट गुण खाणारा सदस्य’ हा गटकामाचा मुख्य प्रश्न आहे, असं मला वाटत नाही. तक्रार मात्र सगळ्यात जास्त त्याचीच असते, आणि मूल्यमापनाच्या बहुतेक पद्धती त्यालाच पकडण्यासाठी रचलेल्या असतात. त्यामागे जुनं आणि भक्कम संशोधन आहे. मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसं वाढत गेली तशी प्रत्येकाच्या वाट्याची ओढ कमी होत गेली. १९७९ मध्ये बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून यामागची दोन कारणं वेगळी काढली. एक, एकमेकांचा मेळ बसत नाही. दुसरं, गर्दीत माणूस जोर कमी लावतो. आपला आवाज वेगळा मोजला जातो आहे असं वाटलं की ही ढिलाई जाते, हे त्यांनी पुढच्या प्रयोगांत दाखवलं. शिक्षणाने यातलं दुसरं कारण उचललं आणि ‘प्रत्येकाचं योगदान वेगळं मोजा’ हा मंत्र धरला. मेळ न बसणं हे पहिलं कारण बाजूलाच राहिलं, आणि शिकवून सुधारता येण्यासारखं तर तेच होतं.

शिवाय डिझाइन म्हणजे दोर ओढणं नव्हे. दोर ओढताना प्रत्येकाची ताकद किलोत मोजता येते आणि बेरीज करता येते. वॉकरच्या त्याच गटात समजा तिसऱ्या आठवड्यात कोणी विचारलं असतं, “दोन्ही हात वॉकरवर असताना माणूस दार कसं उघडणार?” तर सगळा आराखडा बदलला असता. तो प्रश्न कोणत्याच शीटवर दिसला नसता. चाळीस तास बसून केलेलं रेंडर, म्हणजे संगणकावरचं वस्तूचं हुबेहूब चित्र, मात्र भिंतीवर सगळ्यांना दिसतं. योगदान तासांत, फाइलींत किंवा शीटच्या संख्येत मोजायला गेलं की असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी हरतो आणि रेंडर करणारा जिंकतो. पुढच्या प्रोजेक्टमध्ये मग सगळेच रेंडर करायला धावतात.

आता शिकवायचं काय, याकडे येतो. डिझाइनच्या गटाची खरी कसोटी कल्पना निवडताना लागते. चौघांनी तीन दिशा मांडलेल्या असतात. प्रत्येक दिशेमागे कोणाचं तरी मन गुंतलेलं असतं. उद्या याच चौघांना एकत्र जेवायचं असतं. मग कोणीतरी म्हणतं, “तिन्हींतलं चांगलं घेऊन एकत्र करू या.” सगळ्यांना हायसं वाटतं आणि प्रोजेक्ट तिथेच मरतं. एकीच्या कल्पनेतली बसण्याची पट्टी, दुसऱ्याच्या कल्पनेतली चाकं, तिसऱ्याची घडी, हे सगळं एका वॉकरवर चढतं आणि वजन इतकं वाढतं की ज्याच्यासाठी ते करायचं होतं त्याला ते उचलवत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा गट गुण्यागोविंदाने काम करतो आहे असं वाटतं. टीमवर्कच्या रकान्यात त्याला उत्तम गुण मिळतात. प्रत्यक्षात त्याने वाद टाळला आहे, आणि वाद टाळण्याची किंमत वस्तूने मोजली आहे.

वाद कसा घालायचा हे शिकवता येतं. सुरुवात कल्पना मांडण्यापासूनच करावी. सगळ्यांनी एकत्र बसून मोठमोठ्याने कल्पना सुचवायच्या, ही अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ या नावाने लोकप्रिय केलेली रीत अजून अनेक स्टुडिओंत जशीच्या तशी चालते. येल विद्यापीठात १९५८ साली टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तिची परीक्षा घेतली होती. एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेले चौघं मिळून जास्त आणि चांगल्या कल्पना देतात, असं त्यात आढळलं. १९८७ मध्ये मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबं यांनी त्याचं मुख्य कारण दाखवून दिलं: एक जण बोलत असताना बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघत थांबतात आणि तेवढ्यात डोक्यातली कल्पना विरते. उपाय अगदी साधा आहे. आधी प्रत्येकाने वीस मिनिटं गप्प बसून स्केच करायचं, मग सगळी स्केचेस भिंतीवर लावायची, नावं न लिहिता. आणि बोलायचं त्यानंतर. ज्याचा आवाज लहान आहे त्याचं स्केचही मग तेवढ्याच जागेत, तेवढ्याच उंचीवर लागतं.

निवडीसाठी स्टुअर्ट पग या ब्रिटिश प्राध्यापकांची तुलना-सारणी बहुतेक ठिकाणी शिकवली जाते. एक कल्पना आधार म्हणून धरायची आणि प्रत्येक निकषावर बाकीच्या तिच्यापेक्षा सरस, निकस की सारख्या ते अधिक, उणे आणि ‘तीच’ अशा खुणांनी नोंदवायचं. पग यांना ती वाद घडवून आणण्यासाठी हवी होती: उणे का पडलं यावर भांडायचं, त्यातून कल्पना सुधारायची, आधार बदलायचा आणि सारणी पुन्हा भरायची. विद्यार्थी निर्णय आधी घेतात आणि सारणी सबमिशनच्या आदल्या रात्री भरतात. ती सुबक टाइप केलेली असते आणि एकही खूण खोडलेली नसते. शिक्षकाने हाताने भरलेली, खाडाखोड असलेली, किमान दोन फेऱ्यांची सारणी मागावी. आणि प्रत्येक बदललेल्या खुणेपाशी थांबून विचारावं: हे कोणाच्या म्हणण्याने बदललं आणि त्याने काय पुरावा दिला? माझ्या मते संघकाम शिकवण्याची स्टुडिओतली यापेक्षा चांगली संधी दुसरी नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे शिक्षकाने बैठकीत जाऊन बसणं. पंधरा मिनिटं गप्प राहून नोंदी घ्यायच्या आणि मग पाच मिनिटं बोलायचं. डिझाइनबद्दल अवाक्षर काढायचं नाही. बैठक कशी झाली तेवढंच सांगायचं. उदाहरणार्थ: “तू तीनदा बोलायला सुरुवात केलीस आणि तिन्ही वेळा तुझं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं. वजनाचा मुद्दा दोनदा निघाला, पण काही ठरलं नाही. तुझ्या वहीत आता चार किलो लिहिलंय आणि तिच्या वहीत अडीच. तुम्ही दोघं उद्यापासून दोन वेगवेगळे वॉकर करणार आहात.” हे ऐकल्यावर चौघं आपापल्या वह्या एकमेकांसमोर उघडतात. पुढच्या बैठकीत कोणीतरी शेवटी विचारतं, “आज काय ठरलं ते प्रत्येकाने सांगा.” रेखाचित्रावर क्रिट, म्हणजे समोरासमोर टीका आणि सूचना, देताना आपण जे करतो तेच इथेही केलं: जे घडलं ते नेमकं दाखवलं, त्याचा परिणाम दाखवला, पुन्हा करायला सांगितलं. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये वास्तुकलेच्या स्टुडिओचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की शिक्षक आणि विद्यार्थी एका कागदावर झुकून, काढत आणि बोलत, जे सहजी शब्दांत सांगता येत नाही ते पोहोचवतात. स्टुडिओची ही ताकद आपण रेघांपुरती राखून ठेवली आहे. ती बैठकीलाही लावता येते.

याऐवजी सहसा दिलं जातं ते मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांच्या १९६५ सालच्या मांडणीवरचं एक व्याख्यान. गट जमतो, भांडतो, सावरतो, कामाला लागतो, हे तिचं सार. मांडणी उपयोगी आहे आणि भांडणाने घाबरलेल्या गटाला तिचा धीर मिळतो. पण ती करताना टकमन यांच्यासमोर बहुतांशी मानसोपचाराच्या आणि प्रशिक्षणाच्या गटांवरचे अभ्यास होते. शिवाय ती गटाच्या अवस्था सांगते. दुसऱ्याच्या स्केचवर न दुखावता आक्षेप कसा घ्यावा, हे त्या चार शब्दांतून कोणाला कळणार आहे?

मूल्यमापनाबद्दल जरा खोलात जातो, कारण माझा खरा वाद तिथे आहे.

सगळ्या गटाला एकच गुण देणं अन्यायाचं आहे, हे बहुतेकांना पटतं. त्यावर उपाय म्हणून सहकाऱ्यांकडून मूल्यांकन घेतलं जातं. लफबरो विद्यापीठात विकसित झालेल्या ‘वेबपीए’सारख्या प्रणालीमागचं गणित असं असतं. समजा गटाच्या कामाला ६० गुण मिळाले. चौघांपैकी प्रत्येक जण एक हा आकडा स्वतःसह सर्वांत वाटतो. एखादीला चौघांकडून ०.३०, ०.२८, ०.३० आणि ०.२७ मिळाले, तर बेरीज १.१५ होते आणि तिचे गुण ६९. दुसऱ्याची बेरीज ०.८५ आली तर त्याचे ५१. उरलेल्या दोघांना नेमका एकेक मिळाला तर ते ६० वरच राहतात. दिसायला हे फार न्याय्य आहे. पण चौघांच्या बेरजांची बेरीज नेहमी चारच येते. म्हणजे एकीला मिळालेलं ०.१५ दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून गेलेलं असतं. सहा आठवडे ज्यांनी एकमेकांवर विसंबायचं, त्यांना शेवटच्या दिवशी एकमेकांच्या ताटातलं वाढून घ्यायला आपण सांगतो. शहाणी मुलं काय करतात? सगळ्यांना सारखे आकडे देण्याचा करार करतात. सगळे एकावर येतात, गणित निकामी होतं आणि ज्या एकाने खरंच काम केलं नाही तोही सुटतो. जो गट असा करार करत नाही तो बहुधा आधीच फुटलेला असतो.

याहून मोठं नुकसान माहितीचं होतं. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगलं काम करणाऱ्या गटांत चुकांची नोंद कमी असेल, अशी अपेक्षा होती. निघालं उलटं. चांगल्या गटांत नोंदवलेल्या चुका अधिक होत्या, कारण तिथे चुकांबद्दल मोकळेपणाने बोलता येत होतं. त्यातूनच पुढे गटातल्या मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे चूक बोलून दाखवली तरी आपलं नुकसान होणार नाही या खात्रीची, त्यांची १९९९ मधली मांडणी आली. आता स्टुडिओचा विचार करा. ज्याच्या हातात माझ्या गुणांचा वाटा आहे, त्याच्यापुढे “मी माप चुकीचं घेतलंय, मॉडेल पुन्हा करावं लागेल” हे मी कधी सांगेन? सांगितलं तरी शक्य तितक्या उशिरा. आणि डिझाइनमध्ये उशिरा कळलेली चूक सगळ्यात महाग पडते. प्रोजेक्टच्या शेवटी लिहून घेतलेल्या मनोगतांचंही हेच होतं. त्यांना गुण आहेत म्हटल्यावर प्रत्येक गटात ‘सुरुवातीला मतभेद झाले, पण संवादातून आम्ही ते सोडवले’ असंच घडलेलं असतं.

तिसरा आक्षेप पक्षपाताचा. एकत्र केलेल्या कामाचं श्रेय कोणाला मिळतं, याचा इतिहास फारसा चांगला नाही. वास्तुकलेतलं १९९१ चं प्रिट्झकर पारितोषिक वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंचुरी यांना एकट्यांना मिळालं. डेनिस स्कॉट ब्राउन यांनी तोवर वीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्यासोबत भागीदार म्हणून काम केलं होतं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी त्यांच्या नावासाठी याचिका काढली, जगभरातून हजारो सह्या आल्या. आधीच्या परीक्षकांचा निर्णय नंतरचे परीक्षक बदलू शकत नाहीत, असं उत्तर आलं. जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेतून १९६२-६३ मध्ये आलेली लुफ्थांसा या विमानकंपनीची दृश्य-ओळख ओट्ल आयशर आणि त्यांच्या विकासगटाने मिळून घडवली होती. बोलताना बहुधा एकट्या आयशरांचं नाव घेतलं जातं. अर्थशास्त्रज्ञ हेदर सार्सन्स यांनी आपल्याच विद्याशाखेत हे मोजून पाहिलं: एकटीने लिहिलेल्या शोधनिबंधाचं श्रेय स्त्रीला पुरुषाइतकंच मिळतं, पण पुरुषांसोबत लिहिलेल्या निबंधाचं कमी मिळतं. निष्णात प्राध्यापकांच्या समित्यांना जे साधत नाही, ते विशीतल्या मुलांना एका ऑनलाइन फॉर्मवर साधेल असं धरून चालणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. वर्गात ज्याची भाषा वेगळी आहे, जो मितभाषी आहे, ज्याला रात्री स्टुडिओत थांबता येत नाही, त्याचे गुण या फॉर्ममधून गळत राहतात.

सहकाऱ्यांचं मत घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. पर्ड्यू विद्यापीठाशी जोडलेली ‘कॅटमी’ ही प्रणाली कामातला सहभाग, एकमेकांशी वागणं, गटाला मार्गावर ठेवणं, दर्जाचा आग्रह आणि आवश्यक कौशल्यं अशा पाच बाजूंनी वर्तनाची शब्दांत वर्णनं देते. आकड्यापेक्षा ही वर्णनं मोलाची आहेत. प्रोजेक्टच्या मध्यावर ती विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावीत, शिक्षकाने वाचावीत आणि प्रत्येकाशी दहा मिनिटं एकट्याने बोलावं. मात्र त्यातला एकही आकडा गुणपत्रिकेत जाऊ नये. बोलण्याला गुणांची टोचणी नसली तर ते बरंच खरं होतं.

मग गुण कशाला द्यायचे? वस्तूला द्यावेत, गटाला मिळून, पण एकूण गुणांतला त्यांचा वाटा अर्ध्याहून कमी असावा. बाकीचे प्रत्येकाचे स्वतंत्र, आणि शिक्षकाने स्वतः पाहिलेल्या गोष्टींवर. मला सगळ्यात खात्रीची वाटते ती तोंडी परीक्षा, जिच्यात प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागाबद्दल विचारायचं. हँडल करणारीला बिजागरीबद्दल, बिजागरी करणाऱ्याला मुलाखतींतल्या आजोबांबद्दल. कोणती दिशा सोडून दिली आणि का, हेही विचारायचं. असं विचारणार हे पहिल्या दिवशीच जाहीर केलं की कामाची वाटणी बदलते, कारण आता शेजाऱ्याचं टेबल आपल्याही अभ्यासाचा भाग होतं.

दुसरी गोष्ट, काम मध्येच दुसऱ्याच्या हाती सोपवायला लावणं. चौथ्या आठवड्यात जाहीर करायचं: उद्यापासून वर्कशॉपचं काम मुलाखती घेणाऱ्याकडे आणि मुलाखतींचं काम वर्कशॉपवाल्याकडे. आपलं अर्धवट ड्रॉइंग दुसऱ्याला पुढे नेता येईल अशा अवस्थेत सोपवणं आणि दुसऱ्याचं अर्धवट काम त्याला कमी न लेखता उचलणं हे व्यवसायात रोज करावं लागतं. इथे गुण देण्यासारखं डोळ्यांना दिसतंही: मापं लिहिली होती का, फाइलींना अर्थ लागेल अशी नावं होती का, राहिलेले प्रश्न सांगितले होते का. आणि तिसरी गोष्ट म्हणजे निर्णयांची वही. प्रत्येक निर्णय, त्याची तारीख, त्याला विरोध कोणी केला आणि कोणत्या कारणाने, इतकं तिच्यात असावं. ती दर आठवड्याला शिक्षकाने पाहायची, शेवटी एकदम मागायची नाही. एकदम मागितली की ती एका रात्रीत लिहिली जाते.

जो खरंच काम करत नाही, त्याचं काय? त्याच्याशी प्रोजेक्ट चालू असतानाच उघडपणे बोलावं. बार्बरा ओकली, रिचर्ड फेल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी सुचवलेला मार्ग मला पटतो: सुरुवातीला अपेक्षा लिहून सगळ्यांच्या सह्या, सुधारणा नसेल तर लेखी इशारा, आणि तरीही फरक पडला नाही तर गटाला त्या सदस्याला वगळण्याची किंवा त्रासलेल्या सदस्याला गट सोडण्याची मुभा. प्रत्यक्षात ही वेळ क्वचितच येते. इशारा देताना तोंडावर बोलावं लागतं आणि बऱ्याचदा त्याच बोलण्यात कळतं की तो आळशी नव्हता, पहिल्या बैठकीत त्याचं स्केच बाजूला सारलं गेलं आणि त्यानंतर तो गप्प झाला. गट कोणी करायचे, यावरही ओकली आणि फेल्डर यांचं म्हणणं योग्य आहे: शिक्षकाने करावेत. मित्रांचे गट वाद टाळण्यात तरबेज असतात आणि उरलेल्यांचा गट पहिल्या दिवसापासून खचलेला असतो.

यावर व्यवसायातून आलेले परीक्षक म्हणतात, “बाहेर कोण वेगवेगळे गुण देतं? प्रॉडक्ट चाललं तर सगळे जिंकले.” खरं आहे. पण बाहेर माणसाला पगार असतो, वरिष्ठ असतो, काम बदलण्याची वाट असते आणि अनुभवी सहकाऱ्याशेजारी बसून वर्षानुवर्षं शिकण्याची सवड असते. विद्यार्थ्याला यातलं काही नाही. त्याला शिकायला फक्त सहा आठवडे आणि आपण आहोत. व्यवसायाची कठोरता आणायची आणि व्यवसायात मिळणारा आधार बाहेर ठेवायचा, हे बरोबर नाही.

दुसरा आक्षेप मी जास्त गंभीरपणे घेतो: एवढा वेळ शिक्षकाकडे कुठे आहे? हिशेब करून पाहू. साठ विद्यार्थी, पंधरा गट. प्रत्येक गटाच्या दोन बैठकींत वीस-वीस मिनिटं म्हणजे दहा तास. साठ जणांशी मध्यावर दहा-दहा मिनिटं म्हणजे आणखी दहा तास. तोंडी परीक्षेला माणशी दहा मिनिटं, पुन्हा दहा तास. सहा आठवड्यांत तीस तास. दोन शिक्षक असतील तर आठवड्याला प्रत्येकी अडीच. ते अशक्य नाहीत, पण आजच्या वेळापत्रकात ते कुठेही लिहिलेले नाहीत. गटाचं काम दिलं की शिक्षकाचा भार हलका झाला, असं धरूनच कार्यभाराचे तक्ते केलेले असतात. एकट्याने करायच्या प्रोजेक्टपेक्षा गटाच्या प्रोजेक्टला शिक्षकाचे तास जास्त लागतात, हे तक्त्यात यायला हवं. तेवढे तास मिळत नसतील तर वर्षाला तीन गट-प्रोजेक्टऐवजी एकच घ्यावं आणि बाकीची दोन एकेकट्याची करावीत. आणि ज्या प्रोजेक्टमध्ये शिक्षक एकाही बैठकीला बसला नाही, त्याच्या गुणपत्रिकेतून टीमवर्कचा रकाना काढून टाकावा. मानांकनाच्या समितीला तिथे काय लिहायचं ते विचारावं लागेल, तेव्हा हे तीस तास कोण देणार, हा प्रश्नही त्यांच्यासमोर ठेवता येईल.